मिठाविना पेज आणि परसातली सेलरी

सेलरी ही काही आपली भाजी नव्हे. चायनीजच्या गाड्यावर सूपात तरंगणारे हिरवे तुकडे, किंवा पणजीच्या बाजारात ब्रोकोली आणि लाल-पिवळ्या सिमला मिरचीच्या शेजारी ठेवलेली महागडी जुडी, एवढीच आपली आणि तिची ओळख. तांबडी भाजी, अळू, सात शिरांचे भेंडे, दोडगी यांच्यावर लिहिलं तर गोमंतकीय वाचकाला ते लगेच आपलं वाटतं. सेलरीवर लिहायचं म्हणजे आधी खुलासा द्यावा लागतो. तर खुलासा असा की गेली तीन वर्षं डिसेंबर ते मार्च आमच्या परसात, बांयच्या कडेला, सेलरी उभी असते. हौस म्हणून नव्हे. तिच्यामागे कारण आहे आणि ते कारण म्हणजे मीठ.

गोंयकाराचं जेवण मिठावर उभं आहे असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मे महिना आला की पुरुमेंताची घाई. सुकी सुंगटं, गालमो, खारे बांगडे, मिठाच्या पाण्यातली तोरं, लोणच्याच्या बरण्या, मिठात घोळवून वाळवलेली सोलं. पावसाळ्याचे चार महिने काढायचे तर मिठाशिवाय दुसरा रक्षणकर्ता नव्हता. पेडण्यातल्या आगरवाड्यासारख्या गावांची नावंच मिठागरांवरून पडलेली. आता घरोघरी फ्रीज आला, पुरुमेंताची खरी गरज संपली, पण जीभ मात्र तीच राहिली. सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज आणि तिच्या सोबतीला खाऱ्याचा भाजलेला तुकडा. ज्यांचं बालपण यावर गेलं त्यांना मी काय सांगतोय ते समजेल.

तीन वर्षांपूर्वी आईचं ब्लडप्रेशर एकाएकी वाढलं. चार दिवस हॉस्पिटलात काढून घरी आलो तेव्हा बरोबर गोळ्या होत्या आणि मीठ कमी करण्याची ताकीद होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण खाऱ्याचा एक तुकडा, दोन तोरं आणि लोणच्याची एक फोड पानात पडली की दिवसभराच्या हिशेबातला मोठा वाटा सकाळी दहालाच संपतो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्याचाही विचार केला. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि आईच्या मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्याला नकार दिला.

आईने तक्रार केली नाही. तिच्या पिढीतल्या बायका तक्रार करत नाहीत, त्या कमी जेवतात. पेजेचा वाडगा अर्धा होऊन परत जायला लागला. मी त्या वेळी ऑफिसात फायलींत असतो, त्यामुळे हे मला बायकोने सांगितलं. सहा महिन्यांत आईचं वजन पाच किलो उतरलं. ब्लडप्रेशर आटोक्यात आलं खरं, पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. एका रविवारी मी तिला विचारलंच. ती म्हणाली, "पेजेक मीठ ना जाल्यार ती पेज कसली रे? तें दुयेंताचें जेवण." त्यात राग नव्हता. एखाद्याने हवामान सांगावं तसं तिने सांगितलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण बहात्तर वर्षांच्या माणसाने स्वतःला कायमचं दुयेंत मानलं की पुढे काय होतं ते मी आमच्याच घरात, वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं.

सेलरी आमच्या घरात आली ती ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याचा भाऊ कळंगुटच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करतो. मीठ न चालणारे पाहुणे आले की त्यांच्या सूपात सेलरी जरा सढळ हाताने घालतात, असं त्याने सांगितलं. मी एक जुडी आणली. कच्चं पान तोंडात टाकलं आणि चकित झालो. आधी किंचित कडू, मग कोथिंबीर आणि ओवा यांच्या मधला वास, आणि शेवटी जिभेवर चक्क खारटपणा.

हा खारटपणा भास नव्हे. १०० ग्रॅम सेलरीत साधारण ८० मिलिग्रॅम सोडियम असतं, भाज्यांच्या मानाने ते पुष्कळच. पण ५ ग्रॅम मिठात ते जवळजवळ २००० मिलिग्रॅम असतं. आणि आपण पानं टाकणार ती मूठभर. म्हणजे मीठ अगदी थोडं, आणि त्याची आठवण मात्र पुरेपूर. शिवाय सेलरीच्या वासात थॅलाइड जातीची जी द्रव्यं असतात ती रश्शाची, सूपाची चव भरीव करतात. हॉटेलवाल्यांच्या युक्तीमागे हे शास्त्र आहे.

मग वाचन सुरू झालं. कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे मी रोपापेक्षा आधी त्याच्या नावाच्या मागे लागलो. लिनियसने १७५३ मध्ये हिला एपियम ग्रॅव्हिओलेन्स असं शास्त्रीय नाव दिलं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच उग्र वासाची. कूळ मात्र अगदी आपल्या मसाल्याच्या डब्यातलं. कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर ही सगळी तिची भावंडं. ग्रीक लोक रानटी सेलरीला सेलिनॉन म्हणत. सिसिलीतल्या सेलिनुस या त्यांच्या प्राचीन शहराच्या नाण्यांवर तिचं पान कोरलेलं आहे, आणि नेमियाच्या क्रीडास्पर्धांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर तिचाच मुकुट चढवत. आपल्या आयुर्वेदात अजमोदा नावाचं औषध आहे. सेलरीच्या बियांना हे नाव दिलं जातं, पण त्याच नावाखाली तिच्या दुसऱ्या नातलगांची बीही विकली जाते. तेव्हा घरातला अजमोदा कुंडीत टाकला की सेलरीच उगवेल या भरवशावर कुणी राहू नये.

पण मला सगळ्यात आवडली ती तिच्या मूळ घराची गोष्ट. रानटी सेलरी वाढते ती दलदलीत, समुद्राकाठच्या खारट ओल्या जमिनीत. युरोपच्या किनाऱ्यांवर ती अजूनही तशी आढळते. वाचता वाचता मला आमची खाजनं आठवली. मानशीतून भरतीचं पाणी आत-बाहेर होणारी ती जमीन, आणि तिच्या बांधावर उगवणारी ती चिवट हिरवळ. मिठावर पोसलेल्या माणसांच्या दारी मिठाच्या दलदलीतलं झाड, म्हणजे सोयरीक अगदीच विजोड नव्हती!

आता लावणीचं सांगतो, कारण कुणाला लावायची असली तर ते उपयोगी पडेल.

सेलरीचं बी अतिशय बारीक. एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक. आणि स्वभाव हट्टी. हवा तिशीच्या वर तापली की ते रुजायचं नाव काढत नाही. म्हणून मी पेरणी करतो ती चवथ होऊन माटोळीचं सामान उतरलं की, पावसाचा गारवा असतानाच. रात्रभर भिजवलेलं बी काथ्याचा भुसा आणि चाळलेलं जुनं शेणखत यांच्या ओल्या थरावर पसरायचं आणि तळव्याने हलकेच दाबायचं. वर माती लोटायची नाही, कारण या बियाला रुजायला उजेड लागतो. ट्रे घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवायचा. आमच्याकडे तो पाण्याच्या मडक्यांशेजारी, खिडकीखाली असतो. कोथिंबीर आठवड्यात डोकं वर काढते, ही बाई दोन-तीन आठवडे घेते. मग उभी राहते ती दोऱ्याएवढी. पाणी घालायचं तेही फवाऱ्याने.

दोन महिन्यांत, नोव्हेंबर सरता सरता, रोपाला चार-पाच पानं येतात. तेव्हा ते मोठ्या जागी हलवायचं. मासळीबाजारात मासे ठेवायचे थर्मोकोलचे जुने खोके मिळतात. ते स्वच्छ धुऊन तळाला भोकं पाडली की सेलरीला त्यासारखं घर नाही. मुळं वरच्यावर असतात आणि त्यांना गारवा लागतो, तो थर्मोकोल टिकवतो. आमची लाल जांभ्याची माती आंबट आणि पटकन सुकणारी. तिच्यात निम्म्याहून जास्त शेणखत, थोडी चुलीतली राख, आणि वर सुक्या पानांचा थर. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाणी मात्र रोज. शक्यतो दोनदा. दलदलीतलं झाड आहे ते, एक दिवस तहानलं तरी दांडे दोरखंडासारखे होतात आणि कडवटपणा वाढतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातल्या जुडीसारखा जाड, रसाळ दांडा गोव्यात मिळेल अशी आशा ठेवू नये. तसा दांडा भरायला लावणीनंतर साधारण तीन ते चार महिने लागतात, आणि ते सगळे दिवस हवा १५ ते २१ अंशांच्या आसपास हवी. आपल्याकडे ऐन जानेवारीत रात्री विशीपर्यंत उतरतात, पण दुपार तिशीच्या वरच असते. आमचे दांडे करंगळीएवढे होऊन थांबतात. मात्र पानं भरपूर येतात आणि त्यांचा वास बाजारच्या सेलरीहून कितीतरी तिखट असतो. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात अशाच बारीक दांड्याची, उग्र वासाची सेलरी पानांसकट वापरतात. तेव्हा आपणही ती कोथिंबिरीसारखी पानासाठीच लावावी. बाहेरची पानं खुडत राहावं, गाभा सोडावा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सहा-सात रोपं एका घराला पुरतात. तोवरच्या दिवसांसाठी बाजारच्या जुडीचा बुंधा वाटीभर पाण्यात ठेवला तर मधून कोवळी पानं फुटतात, तीही चालतात.

यावरून एक विचार मनात आला. पोर्तुगीज जहाजांतून मिरची आली, काजू आला, अननस, पपई आली, आणि ती इथं अशी रुजली की आज त्यांच्याशिवाय गोवा ओळखूच येणार नाही. पण ही मंडळी खुद्द पोर्तुगालची नव्हेत. ती समुद्रापलीकडच्या उष्ण अमेरिकेतली. तिथली हवा आणि आपली हवा सारखी, म्हणून ती इथली झाली. पोर्तुगालात सेलरीला आयपु म्हणतात, पण साडेचारशे वर्षांच्या राजवटीत ती आमच्या परसात काही मुक्कामाला आली नाही. सत्ता कुणाचीही असो, काय रुजायचं ते शेवटी जमीन आणि ऊन ठरवतात. आणि जे तसं आपसूक रुजत नाही त्याला रोज कुणीतरी पाणी घालणारं लागतं.

आमच्याकडे पाणी घालणारी झाली आई. पहिल्या वर्षी तिने त्या खोक्यांकडे संशयाने पाहिलं. "हें कितें हाडलां?" मी सांगितलं, तुझ्यासाठी. तिने उत्तर दिलं नाही. पण मी सकाळची बस पकडायला साडेसातला घर सोडतो, बायको शाळेत शिकवते, मुलगी कॉलेजात. दिवसभर घरी आईच. आठवडाभराने पाहतो तर तांब्या खोक्याच्या बाजूला ठेवलेला आणि माती ओली. मग नामकरणही झालं, विलायती कोथमीर.

तरी जेवणात ती शिरायला वेळ लागला. बायकोने मोठ्या हौसेने पुस्तकात बघून सूप केलं. आईने दोन चमचे घेतले आणि "बरें आसा" म्हणून भांडं बाजूला सारलं. डाळीत घातली, तीही तिने गिळली, खाल्ली नाही. आमच्या घरात सेलरी म्हणजे आणखी एक गोळी झाली होती.

मग एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, मी परसात असताना स्वयंपाकघरातून मिरची भाजल्याचा वास आला. आई स्वतः रांधणीपुढे उभी होती. तिने मला हाक मारून दहा-बारा पानं खुडून आणायला सांगितली. ती बारीक चिरली. नारळाची सोय, बारीक कांदा, भाजून चुरलेली सुकी मिरची, बिनमिठाच्या सोलाचं दोन चमचे पाणी, आणि मिठाची एकच चिमूट, तीही माझ्याकडे बघून. सगळं हाताने कुस्करलं. ती किसमूर होती! सुक्या सुंगटांची व्हायची तीच, कारल्याची किंवा पापडाची करतात तीच, फक्त सुंगटांच्या जागी सेलरी. पेजेचा वाडगा घेऊन ती पडवीत बसली. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही, पण वाडगा धुवायला आणला तेव्हा तो रिकामा होता.

मला वाटतं, पथ्याची सगळी मेख इथं आहे. काय काढून टाकायचं ते डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. पण काढलेल्या जागी काय ठेवायचं हे त्या जागेची चव ज्याला माहीत आहे तोच ठरवू शकतो. आम्ही तिला सेलरी देत होतो, तिने मात्र सेलरीतून आपली किसमूर शोधली. दुसऱ्याने वाढलेलं पथ्य औषध असतं. आपल्या हाताने रांधलं की ते जेवण होतं. पुढे तिने तिरफळं घातलेल्या खतखत्यात ती टाकली, मुगागाठीत टाकली. सगळंच जमलं असं नाही, सोलकढीत तर ती अजिबात शोभत नाही. पण काय जमतं नि काय जमत नाही यावर ती बायकोशी वाद घालायला लागली, आणि कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात जेवणावरून वाद झाला याचा मला आनंद झाला. उतरलेल्या पाच किलोंपैकी तीन किलो परत भरले आहेत.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. सेलरीने ब्लडप्रेशर बरं होतं असं मी म्हणत नाही. उपाशीपोटी सेलरीचा रस प्या, गोळ्या फेकून द्या, असले मेसेज मोबाईलवर फिरत असतात. त्यांच्या नादी कुणी लागू नये. आईच्या गोळ्या चालू आहेत आणि तपासणीही वेळच्या वेळी होते. काही लोकांना सेलरीची ॲलर्जी असते, इतकी की युरोपात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर सेलरी असल्यास ते छापणं कायद्याने सक्तीचं आहे. पहिल्यांदा खाताना थोडीच खावी. सेलरीने आमच्यासाठी केलं ते एवढंच, की मिठाशिवायचं जेवण पुन्हा जेवण वाटू लागलं.

एका बाबतीत मात्र आईचं तिच्याशी अजून पटलेलं नाही. तांबडी भाजीची दोन रोपं आई दर वर्षी न तोडता ठेवते. ती तुऱ्याला येतात, सुकतात, आणि काळं चमकदार बी राख लावून काचेच्या बाटलीत जातं. ती बाटली माझ्या आजीच्या वेळची आहे, आणि बीही एका अर्थाने तेव्हाचंच. सेलरीचं तसं नाही. ती दोन वर्षांचं आयुष्य असलेली वनस्पती. मध्ये चांगली थंडी लागल्याशिवाय तिला फुलोरा येत नाही. पंजाबात, अमृतसरच्या बाजूला, तिची बियांसाठी शेती होते आणि ते बी परदेशी जातं. आमच्या परसात थंडी कुठली? एप्रिलच्या उन्हात ती फूल न धरताच पिवळी पडते आणि संपते. "बीं धरना तें झाड कसलें?" असं आई दर एप्रिलमध्ये म्हणते. पण पाणी घालणं शेवटच्या पानापर्यंत थांबवत नाही.

यंदाही एप्रिलात खोकी रिकामी झाली. ती धुऊन पडवीत उपडी घालताना आईने मागून सांगितलं, "येवपी वर्सा दोन पाकिटां हाड. शेजारणीकय जाय." शेजारणीच्या घोवालाही डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय म्हणे. म्हणजे सेलरीचा प्रसार आता आमच्या वाड्यावर सुरू होणार.

पाकीट आणताना त्यावरची तारीख तेवढी बघून घ्यावी. बी जुनं झालं की उगवण फार घटते. बाकी फारसं काही लागत नाही. एक खोका, थोडं शेणखत, दुपारची सावली, आणि घरात दिवसा असणारं एक माणूस.